पक्षाघाताच्या इंजेक्शनला ‘हो’ म्हणायला आम्ही उशीर केला का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून देत आहोत.

“सासरे ६७ वर्षांचे. बीपीची गोळी चालू आहे, पण कधी घेत, कधी विसरत. गेल्या महिन्यात एका सकाळी सव्वासहाला चहा घेऊन ते कुळागरात पाणी सोडायला गेले, तेव्हा अगदी ठणठणीत होते. पावणेसातला सासूबाईंनी पाहिलं तर बांधावर बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलणं कळेना. साखर कमी झाली असेल म्हणून आम्ही साखरपाणी पाजलं. चुलत सासऱ्यांनी स्वतःच्या हार्टच्या गोळ्यांतली एक जिभेखाली ठेवली. शेजाऱ्यांच्या गाडीतून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, पण दवाखाना आठला उघडतो. त्यांनी बीपी १९०/१०० आहे म्हणून गोळी दिली आणि मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. घरी येऊन पैसे, कपडे, आधार कार्ड घेतलं. पावणेनऊ-नऊला निघालो, दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. साडेदहाला सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण पावणेअकराच्या आत, आणि डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका आहे, सही करा. यजमान घाबरले. पुण्याला दिरांना फोन लावला, बेळगावला मामांना लावला. ‘हो’ ठरेपर्यंत अकराला पाच कमी होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वेळ गेली. आज सासरे काठीच्या आधाराने चालतात, पण उजव्या हाताने घास घेता येत नाही, शब्द अडकतात. घरात रोज एकच विषय: त्या पंचवीस मिनिटांत बाबांचा हात गेला का? दुसरं म्हणजे, माझी आई पेडण्याला बहिणीकडे असते. तिला हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे, रक्त पातळ करायची असिट्रोम गोळी चालू आहे. तिला असं काही झालं तर आम्ही काय करायचं?”

ताई, आधी तुमच्या घरातल्या भांडणाबद्दल, कारण यजमान तो दोष स्वतःवर घेत असणार. पंचवीस मिनिटांनी हात गेला असं म्हणता येणार नाही. हे इंजेक्शन लागू पडण्याचं प्रमाण घड्याळाबरोबर उतरत जातं. त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या दीड तासात दिलं तर साधारण चार-पाच रुग्णांमागे एकजण त्या इंजेक्शनमुळे जवळजवळ पूर्ववत होतो. दीड ते तीन तासांत दिलं तर नऊ जणांमागे एक. तीन ते साडेचार तासांत चौदा जणांमागे एक. साडेदहाला तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही शेवटच्या गटाच्याही शेवटच्या टोकाला होतात. तेव्हाच सही केली असती तरी चौदांतल्या तेरा जणांचं तिथून पुढे जसं झालं असतं, तसंच बाबांचं होण्याची शक्यता फार मोठी होती.

वेळ गेली ती सकाळी. पावणेसात ते पावणेनऊ-नऊ, म्हणजे दोन तास किंवा जरा जास्तच. बाबा बांधावर दिसल्याबरोबर १०८ लावला असता तर साडेआठपर्यंत हॉस्पिटल आणि नऊपर्यंत सीटी, हे तुमच्या भागातूनही जमण्यासारखं होतं. मग चर्चेला अर्धा तास लागला असता तरी इंजेक्शन मिळालं असतं. हे दोष द्यायला लिहीत नाही. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी नेमकं असंच घडेल: नेहमीचे डॉक्टर, मग घर, मग पैसे, मग गाडी. म्हणून हे मोडून सांगायला हवं.

मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात किंवा स्ट्रोक, ज्याला आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात, तो दोन तऱ्हेचा असतो. बहुतेकांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. उरलेल्यांत ती फुटून रक्त बाहेर येतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं. नाडी बघून, बीपी बघून, कितीही अनुभवी डॉक्टरांना ते वेगळे करता येत नाहीत. सीटी स्कॅनच लागतो. म्हणून ज्या दवाखान्यात सीटीचं मशीन नाही तिथे थांबणं, मग तो कितीही ओळखीचा असो, या आजारात उपयोगाचं नाही. हे नियमित डॉक्टरांबद्दलच्या विश्वासाविरुद्ध जातं, आम्हाला कल्पना आहे. पण तुमच्या डॉक्टरांनाही फोनवर एवढंच सांगायला हवं होतं: “बाबांचं तोंड वाकडं झालंय, आम्ही १०८ ने थेट निघतोय.”

गुठळीच्या झटक्यात रक्त न मिळालेला मधला भाग काही मिनिटांतच मरतो. पण त्याच्या भोवतीचा मोठा भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तग धरून असतो. तो बंद पडलेला असतो, मेलेला नसतो. उपचार असतो तो या भागासाठी. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

आता जिभेखालच्या गोळीचं बघा. ती सॉर्बिट्रेट असणार. छातीत दुखतं त्यांना देतात. ती रक्तवाहिन्या सैल करून बीपी खाली आणते. झटक्यात बीपी चढतं ते बऱ्याचदा त्या तग धरलेल्या भागापर्यंत रक्त ढकलण्यासाठी. घरात, सीटीच्या आधी, ते एकदम पाडलं तर तोच भाग उपाशी राहतो. १९०/१०० आकडा पाहून घाबरायला होतं, पण इंजेक्शन द्यायचं नसेल तर डॉक्टर पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंतचं बीपी बहुधा मुद्दाम तसंच ठेवतात. इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणावं लागतं, पण ते शिरेतून, मोजूनमापून, मॉनिटर लावून.

साखरपाण्याचा हेतू चुकीचा नव्हता. साखर फार कमी झाली, विशेषतः ५० च्या खाली, तर हुबेहूब झटक्यासारखं दिसतं. म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर एक टोचणी जरूर करा आणि आकडा १०८ च्या माणसाला सांगा. कमी असेल तर ते शिरेतून ग्लुकोज देतात. तोंडाने मात्र काही नाही. तोंड वाकडं झालेल्या माणसाचा घसाही त्याच बाजूला लुळा असू शकतो. पाणी, चहा, औषधाचा घोट, उकड्या तांदळाची पेज, सगळं श्वासनलिकेत उतरू शकतं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. झटक्यातून वाचलेली माणसं याने जातात. अ‍ॅस्पिरिनही घरी नको: गुठळी आहे की रक्तस्राव हे ठरायचं असतं, आणि रक्तस्राव असला तर तीच गोळी घात करते. कांदा हुंगवणं, बोटांना सुई टोचून रक्त काढणं, तेल चोळणं यांनी काहीही सुटत नाही, फक्त घड्याळ पुढे जातं.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, एका बाजूचा ओठ वर जात नाही. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, दहा आकडे मोजेपर्यंत एक हात खाली येतो. एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. तिन्हीपैकी एक जरी अचानक बिघडलेलं असेल तर पुरे. दुसरा एक प्रकार आपल्याकडे हटकून सुटतो तो मेंदूच्या मागच्या भागाचा झटका. त्यात बऱ्याचदा तोंड वाकडं होत नाही. अचानक गरगरतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, उभं राहिलं की एका बाजूला कोसळायला होतं. घरचे म्हणतात पित्त झालं, कोकमाचं सरबत देतात, झोपवतात. पित्ताने माणूस हैराण होतो, पण चालताना भिंत धरत नाही आणि त्याला एकाचे दोन दिसत नाहीत. बीपी-साखरेच्या माणसाला असं अचानक झालं तर तोही झटकाच समजून निघा. आणि लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरीही निघा. पुढच्या एक-दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका तेव्हाच सर्वात जास्त असतो, आणि त्या टप्प्यावर औषधाने तो बराच टाळता येतो.

१०८ ला फोन लागला की पहिलं वाक्य हे: “स्ट्रोकचा पेशंट आहे, इतक्या वाजता शेवटचा नीट होता.” मग गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा चॅपल, आणि रस्त्यावर उभं राहणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर घराच्या नंबराने गाडी सापडत नाही. एका पोराला मुख्य रस्त्यावर उभा करा. दिवाडी, चोडणसारख्या बेटांवरच्या लोकांनी फेरीधक्क्याचं नाव पहिल्या वाक्यातच सांगावं, म्हणजे गाडी कुठल्या काठावर यायची ते ठरतं. गाडी यायला बराच वेळ लागणार असं कळलं तर त्यांनाच विचारा, “आम्ही गाडीने निघून वाटेत गाठू का?” तोवर रुग्णाला कुशीवर ठेवा, डोकं किंचित वर, कवळी असेल तर काढून. १०८ चा फायदा वेगाचा नाही. ते बीपी, साखर, ऑक्सिजन वाटेतच बघतात, शिरेत सुई लावून ठेवतात, कुठे न्यायचं ते ठरवतात आणि पुढे कळवतात.

कुठे न्यायचं हे आजच, झटका नसताना, ठरवून ठेवा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही आहेत, त्यामुळे गोव्यातलेच नव्हे तर दोडामार्ग-सावंतवाडीकडचे रुग्णही तिथे येतात. म्हापसा आणि मडगाव इथे जिल्हा रुग्णालयं आहेत. तुमच्या सर्वात जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या, सरकारी असो वा खासगी, कॅज्युअल्टीत एखाद्या निवांत दुपारी जाऊन तीन प्रश्न विचारा: सीटी रात्रीही चालू असतो का? गुठळीचं इंजेक्शन इथेच देतात का? तार घालून गुठळी काढायची सोय इथे आहे का, नसेल तर तुम्ही कुठे पाठवता? उत्तरं फ्रिजवर चिकटवून ठेवा. ही अर्ध्या तासाची फेरी कुठल्याही बीपीच्या गोळीइतकी मोलाची आहे.

कॅज्युअल्टीच्या दारात घरच्यांची वेळ कशी जाते ते जवळून बघण्यासारखं असतं. चार जण रुग्णासोबत येतात, चौघेही केसपेपरच्या खिडकीशी जातात. डॉक्टर विचारतात, “कधी सुरू झालं?” आणि स्ट्रेचरशी उभा असतो तो शेजारचा ड्रायव्हर. याउलट करा. ज्याने रुग्णाला शेवटचं नीट पाहिलं तो माणूस स्ट्रेचर सोडणार नाही. तुमच्या बाबतीत सासूबाई. केसपेपर दुसऱ्याने काढायचा. डॉक्टरांना हवी असते ती लक्षणं दिसल्याची वेळ नव्हे, शेवटची नीट असल्याची. बाबांची ती सव्वासहा, पावणेसात नव्हे. साडेचार तास सव्वासहापासून मोजले, म्हणून पावणेअकराची मर्यादा आली. झोपेतून उठताना झटका आलेला दिसला तर झोपताना बोलले ती वेळ धरतात. पण त्या रुग्णांनीही निराश होऊन घरी बसू नये. एमआरआय किंवा विशेष सीटी करून मेंदूचा किती भाग अजून वाचण्याजोगा आहे ते बघता येतं, आणि तसा तो असला तर उपचार देतात.

इंजेक्शन शिरेतून देतात आणि डोस वजनावर ठरतो. अल्टेप्लेझ हे औषध असेल तर किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं ४८.६ तासाभरात पंपाने. टेनेक्टेप्लेझ असेल तर सगळा डोस काही सेकंदांत एकदाच. हल्ली किलोला ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५ ही मात्रा जास्त चालते, म्हणजे ६० किलोला १५. रुग्ण बोलू शकत नाही, उभा राहू शकत नाही, आणि घरचे अंदाजाने वजन सांगतात. साठच्या माणसाला ऐंशी सांगितलं तर औषध तिसऱ्या हिश्शाने जास्त जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातल्या प्रत्येक वयस्क माणसाचं वजन कुठेतरी लिहून ठेवा.

आता ज्या भीतीने सही थांबली ती. ती खोटी नाही. १९९५ च्या ज्या चाचणीने हा उपचार सिद्ध केला तिच्यात इंजेक्शन घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना त्रासदायक रक्तस्राव मेंदूत झाला. न घेतलेल्यांत तो शंभरात एकाहूनही कमी होता. पण तीन महिन्यांनी मृत्यू मोजले तेव्हा इंजेक्शनच्या गटात ते जास्त नव्हते, आणि स्वतःच्या पायावर उभे राहिलेले स्पष्टपणे जास्त होते. ते सहा जण मोजूनच हा फायदा निघाला आहे, वेगळा वजा करायचा राहिलेला नाही. डॉक्टरही सरसकट देत नाहीत. सीटीत रक्त दिसलं, गेल्या तीन महिन्यांत मोठा झटका किंवा डोक्याला गंभीर मार, नुकतंच मोठं ऑपरेशन, पोटातून रक्त जाणं, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, बीपी खाली येतच नाही, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळीचा असर चालू, अशा वेळी ते स्वतःच नकार देतात. म्हणून तुम्हाला ‘देऊ का’ असं विचारलं जातं तेव्हा मोठी चाळणी आधीच झालेली असते.

अशा वेळी पुण्या-बेळगावला फोन लावून तिथल्या माणसाला काय विचारणार? त्याच्यासमोर सीटी नाही. समोरच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: “बाबांना देऊ नये असं काही कारण दिसतंय का?” आणि “तुम्ही देण्याच्या बाजूने आहात का?” पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘हो’ आलं तर सही करा, फोन नंतर करा. त्याहून बरं म्हणजे घरातल्या थोरल्यांना आधीच, रविवारी जेवताना, विचारून ठेवा: अशी वेळ आली तर इंजेक्शन द्यायचं ना? सही कोण करील? आजारपणाबद्दल असं आधी बोलणं अशुभ वाटतं हे आम्हाला माहीत आहे, तरीही विचारा.

सीटीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. “सीटी नॉर्मल आला” म्हणजे झटका नाही असं नव्हे. गुठळीचा झटका पहिल्या काही तासांत साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. तो सीटी रक्तस्राव नाही ना, एवढं बघायला असतो. तोंड वाकडं, हात लुळा आणि सीटी नॉर्मल, हाच इंजेक्शनसाठी चांगला रुग्ण. नॉर्मल ऐकून सुटकेचा श्वास सोडून रुग्णाला घरी नेण्याची घाई होते. ती करू नका.

इंजेक्शननंतर पहिले २४ तास नर्स वारंवार बीपी बघते: दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग तासातासाला. ते १८०/१०५ च्या खाली ठेवायचं असतं. अ‍ॅस्पिरिन २४ तासांनी, पुन्हा सीटी करून, मगच. घरच्यांनी शेजारी बसून चार गोष्टींकडे लक्ष ठेवायचं: नवं जोराचं डोकं दुखणं, उलटी, सुस्ती, सुधारलेला हात पुन्हा पडणं. यांतलं काही दिसलं तर लगेच नर्सला बोलवा. रुग्ण बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारखी ‘प्रिल’ने संपणारी गोळी घेत असेल तर ओठ किंवा जीभ सुजण्याचा धोका थोडा जास्त असतो, बहुधा लुळ्या बाजूने सुरू होतो. तो दिसला तरी ओरडून सांगा. श्वास अडकू शकतो.

दुसरा मोठा उपचार तार घालून गुठळी काढण्याचा. जांघेतल्या धमनीतून, कधी मनगटातून, बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीदार स्टेंटने पकडून किंवा शोषून गुठळी बाहेर काढतात. २०१५ साली एकामागून एक पाच चाचण्यांनी याचा फायदा दाखवला, आणि तो इंजेक्शनपेक्षाही ठळक आहे. पण तो फक्त मोठी वाहिनी बंद असेल तेव्हाच. म्हणून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, करून बघतात. नेहमीची मर्यादा सहा तास. निवडक रुग्णांत, वाचण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर २४ तासांपर्यंत. इंजेक्शनची वेळ गेली म्हणजे सगळं संपलं, असं समजून बाकावर बसून राहू नका. विचारा: “मोठी वाहिनी बंद आहे का? तारेचा उपचार लागू होतो का? इथे होत नसेल तर कुठे?” तुमच्या पत्रातल्या तपशिलावरून बाबांची अँजिओग्राफी झाली का ते कळत नाही, डिस्चार्ज कार्डात बघा.

हा उपचार खर्चिक आहे, लाखांत जातो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. कार्ड काढलेलं आणि नूतनीकरण झालेलं आहे का ते आज बघा, आणि हा उपचार त्यात कुठे, किती बसतो ते त्या तीन प्रश्नांबरोबरच विचारून घ्या.

झटका रक्तस्रावाचा निघाला तर रस्ता वेगळा. तिथे बीपी लवकर, पण सांभाळून, वरचा आकडा १४० च्या आसपास आणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर उतरवतात, आणि मेंदूच्या मागच्या खालच्या भागात साकळलेल्या रक्ताचा मोठा गोळा असेल किंवा दाब वाढला असेल तर न्यूरोसर्जन लागतो. “रक्तस्राव आहे, आता काही करता येत नाही” असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही.

आता तुमच्या आईबद्दल. धातूची झडप असेल तर तिथे गुठळी धरते, म्हणून असिट्रोम. त्या गोळीचा असर आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत मोजतात. तिचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेल्या पट्ट्यात असेल, समजा तीनच्या आसपास, तर गुठळीचं इंजेक्शन तिला देता येणार नाही. त्यासाठी तो १.७ किंवा त्याखाली लागतो. म्हणजे तिच्यासाठी तारेचाच रस्ता जास्त उघडा. म्हणून पेडण्याहून तिला कुठे न्यायचं हे ठरवताना ‘जवळ कुठे’ इतकंच ‘तार कुठे’ हेही बहिणीने म्हापशाला आणि बांबोळीला आधी विचारून ठेवावं. झटक्याच्या वेळी १०८ ला पहिल्याच वाक्यात सांगावं: “हार्टची झडप बसवली आहे, असिट्रोमवर आहे.” गेल्या काही दिवसांत ताप येत असेल तर तेही सांगावं. झडपेला जंतुसंसर्ग असेल तर हे इंजेक्शन धोक्याचं ठरतं.

आणि असिट्रोम मनाने कधीही बंद करायची नाही. दात काढायचा म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून, नाकातून थोडं रक्त आलं म्हणून चार दिवस गोळी सोडली आणि झडपेवर गुठळी धरली, हा झटक्याचा ठरलेला रस्ता आहे. दाताच्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. उलट्या बाजूने, गुडघेदुखीच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक घेतली की रक्त जास्तच पातळ होतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नये.

दोघांसाठीही पोस्टकार्डाएवढा एक कागद करा आणि आधार कार्डाला जोडून ठेवा: नाव, वजन, बीपी-साखरेचा आजार, चालू गोळ्या मात्रेसह, अ‍ॅलर्जी, जुनी ऑपरेशनं त्यांच्या तारखांसह, सही कोण करील त्याचं नाव आणि मोबाइल. आईच्या कागदावर झडप कोणती आणि कुठली, शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख, असिट्रोम रोज किती वाजता घेते, ते जास्तीचं. बाबांच्या कागदावर मागच्या महिन्यातल्या झटक्याची तारीख आधी लिहा. तीन महिने उलटेपर्यंत त्यांना पुन्हा झटका आला तर इंजेक्शन द्यायचं की नाही, हे डॉक्टर त्या तारखेवरून ठरवतील. तार घालण्याला त्या तारखेची तशी आडकाठी नाही.

बाबांच्या हातासाठी फिजिओथेरपी पहिले तीन ते सहा महिने सोडू नका. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट वेगळा असतो, त्यांच्याकडेही पाठवायला सांगा. बीपीची गोळी मात्र आता त्यांच्या आठवणीवर सोडू नका. सातही दिवसांचे कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. ती सासूबाईंच्या ताब्यात द्या आणि चहाच्या आधी गोळी, मग कप, अशी सवय लावा.